आणखी संगणक जोडण्याआधी: ग्राहकांसाठी माहिती

"सोळा संगणक जोडले म्हणजे काम सोळापट लवकर होणार ना?" आम्ही अनेक संगणक जोडून त्यांच्यात एकच काम वाटणारे संच, म्हणजे क्लस्टर, उभारून देतो, आणि जवळजवळ प्रत्येक नवा ग्राहक आम्हाला हे विचारतो. बहुतेक वेळा उत्तर 'नाही' असतं, आणि ते खरेदीआधीच कळलेलं बरं.

समजा, तुमचं काम एका संगणकावर दहा तास चालतं. त्यातला एक तास फाइल वाचण्यात आणि शेवटी निकाल एकत्र करण्यात जातो. तो वाटून देता येत नाही. उरलेले नऊ तास सोळा जणांत वाटले, तर प्रत्येकाच्या वाट्याला साधारण ३४ मिनिटं येतात. एकूण १ तास ३४ मिनिटं, म्हणजे वेग सहापटीहून थोडा जास्त. हजार संगणक लावा, तो एक तास काही हलत नाही. संगणक-रचनाकार जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्ये दाखवून दिलेला हा हिशेब आहे, आणि त्यात नेटवर्कचा वेळ अजून धरलेलाच नाही.

नेटवर्कचं दुखणं कामागणिक वेगळं. अ‍ॅनिमेशनच्या फ्रेम रेंडर करायच्या, म्हणजे एकेक चित्र तयार करून घ्यायचं असेल, तर एका फ्रेमला दुसरीशी बोलावं लागत नाही. साधा गिगाबिट स्विच, म्हणजे संगणक तारांनी एकमेकांना जोडणारी पेटी, बहुधा पुरतो. हवेच्या किंवा पाण्याच्या प्रवाहाचं गणित मात्र पावलोपावली शेजारच्या संगणकाकडून आकडे मागतं. गिगाबिट इथरनेटवरून सेकंदाला फार तर १२५ मेगाबाइट जातात, पण खरी अडचण प्रत्येक निरोपामागे होणाऱ्या खोळंब्याची असते. अशा कामाला इन्फिनिबँडसारखं जलद जाळं लागतं. ते महाग असतं.

संगणक एकत्र चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा खर्च त्या मानाने नगण्य. संगणकांनी एकमेकांना निरोप कसे द्यायचे, याचं एमपीआय हे मानक १९९४ मध्ये आलं. ओपन एमपीआय आणि एमपीआयसीएच ही त्याची दोन्ही प्रसिद्ध रूपं मोफत आहेत. कामं रांगेत लावणारं स्लर्मही मोफतच. पण एमपीआय बसवल्याने जुना प्रोग्राम आपोआप वाटला जात नाही. कोणी कोणाला काय पाठवायचं, हे कोडमध्ये लिहावंच लागतं.

दोन गोष्टी आम्ही आग्रहाने करून घेतो. सगळ्या संगणकांवर एमपीआयची एकच आवृत्ती ठेवतो. आणि प्रोग्रामला अधूनमधून आपली स्थिती डिस्कवर लिहायला लावतो, कारण एमपीआयमध्ये एक संगणक बंद पडला की सहसा सगळं कामच थांबतं; स्थिती लिहिलेली असली तर तिथून पुढे सुरू करता येतं.

मागणी नोंदवण्याआधी तुमचा प्रोग्राम आणि खरा डेटा आणा. तो आम्ही आधी एका संगणकावर, मग दोन आणि चार संगणकांवर चालवून वेळा लिहून देतो. कधीकधी असं निघतं, की आहे त्या संगणकातलेच निम्मे कोर, म्हणजे प्रोसेसरमधले स्वतंत्रपणे काम करणारे भाग, रिकामे बसलेत. तसं असेल तर तेवढंच दुरुस्त करून देऊ. क्लस्टर घ्यायला लावणार नाही.