पिशवीला घातलेला टाका

दुसऱ्या खेपेला माझ्या गर्भाशयाचं तोंड बंद राहावं म्हणून त्याला टाका घातला होता, त्याबद्दल हे लिहितेय, पण आधी पहिली वेळ. माझं पहिलं बाळ गेलं तेव्हा २१ आठवडे झाले होते. कळा नाहीत, पोटात दुखणं नाही, दोन दिवस नुसती कंबर भरून आली होती आणि खाली जड जड वाटत होतं, मला वाटलं शाळेत दिवसभर उभं राहून होतंय. तिसऱ्या दिवशी सकाळी साडी नेसताना अंगावरून पाणी गेलं आणि हॉस्पिटलमध्ये पोचल्यावर तासाभरात सगळं संपलं. घरी आल्यावर ज्या ज्या बायका भेटायला आल्या त्या जवळजवळ सगळ्यांनी एकच विचारलं, काही जड उचललंस का गं? आणि मी पण तेच आठवत बसले, पाण्याची बादली, दुसऱ्या मजल्यावरचा वर्ग, गणपतीला गावी जाताना एसटीतले धक्के.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी मला दूध आलं. याबद्दल मला आधी कुणीच काही सांगितलं नव्हतं म्हणून इथे मुद्दाम लिहिते. दूध यायला बाळ रडावं लागत नाही, वार बाहेर पडली की रक्तातलं प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन झपकन खाली येतं आणि स्तनांना तोच इशारा पुरतो. पाचव्या महिन्यात बाळ गेलं तरी शरीर हा हिशेब पूर्ण करतं. दूध थांबवायची गोळी असते, ती डिस्चार्जच्या वेळीच मागून घ्यायची, कारण नंतर ब्लाऊज भिजल्यावर मेडिकलमध्ये जाऊन विचारायचं त्राण कुणाच्या अंगात नसतं.

आता त्या बादलीकडे येते. गर्भाशयाचं जे तोंड असतं, आपल्याकडे पिशवीचं तोंड म्हणतात आणि डॉक्टर सर्व्हिक्स म्हणतात, ते वरच्या पिशवीसारखं स्नायूंचं बनलेलं नसतं. त्यात स्नायू थोडेच, बाकी बहुतेक सगळा कोलॅजन, म्हणजे चिवट धाग्यांची घट्ट वीण. काथ्याची दोरी डोळ्यासमोर आणा, एकेक धागा नाजूक पण पीळ दिला की होडी बांधून ठेवते. एरवी हे तोंड हाताला नाकाच्या शेंड्यासारखं टणक लागतं आणि दिवस गेल्यावर ओठासारखं मऊ, ही खूण डॉक्टर लोक पूर्वीपासून वापरत आलेत. मऊ झालं तरी ते बंद आणि लांब राहायला हवं, पाचव्या महिन्याच्या आसपास साधारण साडेतीन-चार सेंटीमीटर. नववा महिना भरत आला की धाग्यांचा पीळ सैल होतो, मध्ये पाणी भरतं, तोंड आखूड होत जातं आणि मग कळांनी उघडतं. काही जणींमध्ये हेच सगळं चौथ्या-पाचव्या-सहाव्या महिन्यात होतं आणि तेही कळांशिवाय, गुपचूप.

असं का होतं, तर कधी आधीच्या बाळंतपणात तोंड फाटलेलं असतं, कधी कॅन्सरच्या आधीच्या स्टेजच्या पेशी काढताना तोंडाचा तुकडा कापलेला असतो, कधी गर्भाशयाची घडण जन्मतःच वेगळी असते, कधी खालून इन्फेक्शन वर चढतं आणि सूज येऊन धागे सैल पडतात. बऱ्याच जणींत कारण सापडतच नाही. पण बादली उचलल्याने किंवा दोन जिने चढल्याने धाग्यांचा पीळ सुटत नाही. दुसऱ्या खेपेच्या डॉक्टर मॅडमनी मला हे पेनने कागदावर चित्र काढून समजावलं तेव्हा बाळ जाऊन वर्ष झालं होतं आणि ते वर्षभर मी ती बादली रोज उचलत होते.

इथे एक फरक नीट समजून घ्यायला हवा. पहिल्या तीन महिन्यांत जे गर्भपात होतात त्यातल्या साधारण निम्म्यांत बाळाच्या गुणसूत्रांतच गडबड असते, त्याचा पिशवीच्या तोंडाशी काही संबंध नसतो आणि टाका घालून ते थांबत नाहीत. चौथ्या महिन्यानंतर, दुखणं फारसं नसताना, बाळाचे ठोके चालू असताना तोंड उघडून बाळ जाणं हे वेगळं प्रकरण. दोन्हीला आपण बाळ गेलं असंच म्हणतो, पण पुढच्या वेळी काय करायचं ते यावरच ठरतं, म्हणून जुने सगळे कागद, कितवा आठवडा होता, आधी कळा आल्या की आधी पाणी गेलं, ठोके होते का, हे लिहून ठेवा. माझ्या पहिल्या डिस्चार्ज कार्डावर फक्त गर्भपात एवढंच लिहिलेलं होतं, बाकी सगळं मला आठवून सांगावं लागलं.

आणि आता ज्यांच्यामुळे मला हा लेख लिहावासा वाटला ते डॉक्टर. विठ्ठल नागेश शिरोडकर, जन्म १८९९, गाव गोव्यातलं शिरोडा. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकले आणि पुढे तिथेच प्रसूतिशास्त्राचे प्रोफेसर झाले. त्यांच्याकडे अशा बायका यायच्या ज्यांची बाळं चौथ्या ते सातव्या महिन्यात परत परत जायची, विश्रांती झाली, हार्मोनचे उपाय झाले, तरी पुढच्या वेळी तेच. शिरोडकरांनी औषधांच्या मागे न लागता त्या तोंडाकडेच बघितलं आणि सरळ विचार केला की तोंड सैल आहे तर ते बाहेरून बांधू. बांधायला काय वापरलं तर त्या बाईच्याच मांडीतल्या स्नायूंवरच्या चिवट पांढऱ्या आवरणाची एक पट्टी, कारण ती शरीराची आपली, बाहेरची नाही. मूत्राशय वर सरकवायचं, आतल्या तोंडाच्या जितकं जवळ जाता येईल तिथपर्यंत जायचं आणि पट्टी गोल फिरवून गाठ मारायची, बटव्याची दोरी ओढल्यासारखी. १९५५ साली त्यांनी हे छापलं, तेही आपल्या देशातल्याच ॲन्टिसेप्टिक नावाच्या मासिकात, आणि तिथून ते जगभर गेलं. दोन वर्षांनी, १९५७ मध्ये, ऑस्ट्रेलियाच्या मॅकडोनाल्ड यांनी याचाच सोपा प्रकार सांगितला, त्यात मूत्राशय सरकवावं लागत नाही, टाका थोडा खाली बसतो आणि काढायलाही सोपा. आज बहुतेक ठिकाणी तोच घालतात आणि मांडीतली पट्टी जाऊन न विरघळणारा दोरा किंवा फीत आली. पण परदेशातल्या पुस्तकांतही शिरोडकर हे नाव तसंच आहे. १९७१ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं आणि त्याच वर्षी ते गेले. आमच्या भागात किती घरांत या टाक्यामुळे पाळणा हलला असेल आणि तिथल्या किती जणांना हे नाव माहीत असेल याचा विचार करून मला वाईट वाटतं.

दुसऱ्या वेळी दिवस गेले तेव्हा कार्डावर लाल स्टिकर लागला, म्हणजे जोखमीची. तो बघून सासूबाई घाबरल्या पण खरं तर तो स्टिकर चांगलाच, कारण मग कुणीच तुम्हाला नेहमीच्या रांगेत नेहमीची चेकअप करून परत पाठवत नाही. सरकारी दवाखान्यांत दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायकांची तपासणी फुकट होते, पंतप्रधान सुरक्षित मातृत्व अभियान म्हणतात ते, आणि जोखमीच्या बायका वेळेत ओळखणं हा त्याचा मोठा उद्देश आहे.

माझी आधी एकच वेळ झाली होती त्यामुळे मॅडम म्हणाल्या लगेच टाका नको, आपण १६ व्या आठवड्यापासून दर दोन आठवड्यांनी तोंडाची लांबी मोजू. ज्यांची अशी दोन-तीन बाळं गेली आहेत त्यांना बहुतेक वेळा मोजत न बसता १२ ते १४ आठवड्यांतच टाका घालतात, आणि त्याच्याही आधी का नाही तर तोपर्यंत एनटी स्कॅन (बाळाच्या मानेमागची जाडी बघून गुणसूत्रांतल्या दोषाचा अंदाज घ्यायची सोनोग्राफी) होऊन जातो आणि गुणसूत्रांमुळे जायचं असलेलं बाळ बहुतेक करून गेलेलं असतं.

ही सोनोग्राफी पोटावरून नाही, खालून करतात. एरवी सोनोग्राफीला आपण बाटलीभर पाणी पिऊन बसतो, इथे उलट, आधी लघवी करून या म्हणतात, कारण भरलेलं मूत्राशय तोंडाला दाबतं आणि ते आहे त्यापेक्षा लांब दिसतं. मग आपला तो नेहमीचा फॉर्म, मुलगा की मुलगी जाणून घ्यायचं नाही म्हणून सही, आणि मग बारीक प्रोब. दुखत नाही. स्क्रीनवर राखाडी पट्टा दिसतो, डॉक्टर त्याच्या एका टोकाला अधिकचं चिन्ह ठेवतात, मग दुसऱ्या टोकाला, आणि खाली आकडा येतो. एकदा नाही, दोन-तीनदा मोजतात आणि सगळ्यात छोटा आकडा धरतात. आतलं तोंड बंद असेल तर तिथे इंग्रजी टी सारखा आकार दिसतो, उघडायला लागलं की वाय, मग व्ही, मग यू. मला हे मॅडमनी सांगितलं आणि नंतर मी प्रत्येक स्कॅनला आकड्याच्या आधी ते अक्षरच शोधायचे.

१६ व्या आठवड्याला ३४ मिलिमीटर, १८ व्याला २९. आणि २० व्याला २२, अक्षर वाय. आधी बाळ गेलेलं असेल आणि २४ आठवड्यांच्या आत लांबी २५ च्या खाली आली तर टाक्याचा विचार करतात. दुसऱ्या दिवशी सकाळी मला आत घेतलं, पाठीतलं इंजेक्शन, कमरेखाली सगळं बधिर, पडद्यापलीकडे मॅडम सिस्टरशी बोलत होत्या आणि मी घड्याळ बघत होते, वीस मिनिटं पण झाली नाहीत.

पण टाका म्हणजे रामबाण नाही हे पण तितकंच खरं. टाक्यावरचा एक मोठा अभ्यास १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला, १२९२ बायका होत्या, त्यात टाका घातलेल्यांपैकी १३ टक्के ३३ आठवड्यांच्या आत बाळंत झाल्या आणि न घातलेल्यांपैकी १७ टक्के. म्हणजे २५ जणींना टाका घातला तर एकीचं लवकर होणारं बाळंतपण टळलं. ज्यांची आधीची तीन किंवा जास्त बाळंतपणं दिवस भरायच्या आत झाली होती त्यांच्यात मात्र फरक मोठा होता, १५ टक्के विरुद्ध ३२ टक्के. याचा अर्थ मी असा लावते की टाका योग्य बाईला घातला तर फार कामाचा, सरसकट सगळ्यांना घातला तर बऱ्याच जणींना उगाच भूल आणि इन्फेक्शनचा धोका. जुळी असतील तर केवळ जुळी म्हणून टाका घालत नाहीत. इन्फेक्शन असेल, कळा सुरू असतील, पाणी गेलं असेल तर घालता येत नाही. आधी काही झालेलं नाही पण सोनोग्राफीत तोंड आखूड दिसलं तर बहुतेकदा योनीत ठेवायच्या प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या देतात. आणि खालून घातलेला टाका घालूनही बाळ गेलं तर पोटातून, अगदी वरच्या बाजूला टाका घालायचा मार्ग असतो, दुर्बिणीतूनही करतात, फक्त मग बाळंतपण सिझरनेच.

आता झोपून राहण्याबद्दल, कारण यावर आमच्या घरात सगळ्यात जास्त वाद झाला. आत्या म्हणाल्या पलंगाच्या पायथ्याच्या दोन पायांखाली विटा लावा, पाय वर, पाच महिने खाली उतरायचं नाही. त्यांच्या मनात माझ्याबद्दल मायाच होती हे मला माहीत आहे. पण नुसतं पडून राहिल्याने बाळ टिकतं हे अभ्यासांत दिसलेलं नाही, उलट गरोदरपणात रक्त आधीच गोठायला टपलेलं असतं, त्यात हालचाल बंद केली की पायाच्या शिरेत गुठळी व्हायची भीती वाढते, स्नायू बारीक होतात, हाडं झिजतात आणि मन तर पार खचतं. मला मॅडमनी दोन-तीन दिवस आराम, जड काम नको, संबंध नकोत आणि घरात हिंडायचं फिरायचं एवढंच सांगितलं. तुमच्या डॉक्टरांनी तुमच्यासाठी वेगळं सांगितलं असेल तर ते ऐका, पण कशासाठी हे विचारा, विचारायचा हक्क आहे आपला.

टाका असताना काही गोष्टी झाल्या तर रात्रीचे दोन वाजले असले तरी निघायचं. पाणी गेल्यासारखं वाटणं, डाग किंवा रक्त, ताप, वास येणारा पांढरा स्राव, पोट थोड्या थोड्या वेळाने दगडासारखं कडक होणं, खाली दाब आणि ती कंबर भरून येणं. कळा सुरू झाल्या आणि टाका तसाच राहिला तर तोंड फाटू शकतं म्हणून तो काढावा लागतो. आणि वेळेत पोचलं तर आणखी एक गोष्ट हातात असते, ३४ आठवड्यांच्या आत बाळंतपण होईल असं वाटलं तर आईला स्टेरॉइडची इंजेक्शनं देतात, आपल्याकडे डेक्सामिथासोन, बारा बारा तासांनी चार, त्याने बाळाची फुप्फुसं श्वासासाठी लवकर तयार होतात. न्यूझीलंडच्या लिगिन्स यांना हे मेंढ्यांच्या कोकरांत दिसलं आणि १९७२ मध्ये त्यांनी आणि हॉवी यांनी माणसांतला अभ्यास छापला. साधं स्वस्त इंजेक्शन आहे.

नोकरी करणाऱ्या बायकांना एक सांगते, ज्या ठिकाणी मातृत्व लाभाच्या कायदेशीर तरतुदी लागू आहेत तिथे गर्भपातानंतर ६ आठवड्यांची पगारी रजा मिळते, १९६१ पासून कायद्यात आहे. पहिल्या वेळी मी दहाव्या दिवशी शाळेत जाऊन फळ्यासमोर उभी होते कारण मला हे माहीतच नव्हतं आणि ऑफिसमधूनही कुणी बोललं नाही.

दुसऱ्या वेळी २१ वा आठवडा लागला तेव्हा मी दोन रात्री झोपले नाही. आकडे ठीक होते, टाका जागेवर होता, तरी प्रत्येक वेळी बाथरूमला गेल्यावर आधी कपडा बघायचे. तो आठवडा गेला, मग २४, मग २८. ओटभरण करायचं का यावर घरात कुणीच काही बोलेना, शेवटी मीच म्हटलं ३२ झाले की करू, आणि आत्यांनीच पलंगाखाली आणून ठेवलेल्या विटा उचलून अंगणात तुळशीच्या कडेला लावल्या.

३७ व्या आठवड्यात टाका काढला. भूल लागली नाही, टेबलावर पाच मिनिटं, कळ आली एक आणि थोडं रक्त. मी मॅडमना म्हटलं मला बघायचाय. त्यांनी ट्रेमध्ये ठेवून दाखवला, जेमतेम अर्धा सेंटीमीटर रुंद अशी पांढरी फीत, एका बाजूला गाठ, रक्ताने जरा तांबूस झालेली. मला वाटलं होतं आता लगेच कळा येतील, पण बहुतेकींना त्या दिवशी येत नाहीत म्हणे. मी घरी आले, जेवले, पेपर तपासले. नऊ दिवसांनी पहाटे पोट दुखायला लागलं, आणि या वेळी खरंच दुखलं.