पृथ्वीचा ठोका वाढलाय म्हणे

ग्रुपवर परत तेच फिरतंय, पृथ्वीच्या हृदयाचा ठोका 7.83 हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला 7.83 वेळा, होता तो वाढत चाललाय, म्हणून माणसं जागृत होताहेत आणि दिवस 16 तासांचा झालाय.

7.83 आकडा खरा आहे ओ, पण तो ठोका नव्हे. जगभर सेकंदाला 40-50 विजा चमकतात, आपल्या खानापूरकडच्या वळवातल्या पण त्यातच आल्या, त्यांच्या लहरी जमीन आणि वरच्या आयनोस्फिअरच्या, म्हणजे हवेतल्या वीजभारित थराच्या, मधे अडकून पृथ्वीभोवती घुमतात, ह्याला शुमान रेझोनन्स म्हणतात. कॅल्क्युलेटर काढा, लहरीचा वेग सेकंदाला 3 लाख किमी, पृथ्वीचा घेर 40 हजार किमी, भागलं की 7.5, जवळपास तेच. म्हणजे आकडा दुप्पट व्हायचा तर घेरच अर्धा व्हायला पाहिजे! सूर्यामुळं थोडं इकडंतिकडं होतं, तेवढंच.

नांगर धरायच्या आधी भूमीला नमस्कार करतात ती श्रद्धा वेगळी, तिला हर्ट्झ लागत नाही.

फॉरवर्डबरोबर पुरावा म्हणून रंगीत ग्राफ येतो तो झूम करून बघा, पांढरं दिसतं तो सिग्नलचा जोर, ठोका वाढल्याची खूण नव्हे, फ्रिक्वेन्सी बाजूला उभी लिहिलेली असते आणि पट्टे 8, 14, 20 हर्ट्झच्या आसपासच दिसतात (8 ची मूळ लहर, बाकीच्या त्याच रेझोनन्सच्या वरच्या). दिवसाचं तर सोपंय, दुपारी सावली सगळ्यात आखूड किती वाजता होते ते लिहून ठेवा, उद्या परत बघा, मधे 24 तासच भरतात की नाही ते.