लाईट लागते का, फॅन फिरतो का?

ठाणे स्टेशनजवळच्या लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात गिऱ्हाईक म्हणतं, "अहो, चालूच होत नाही." कारागीर मान वर न करता विचारतो, "लाईट लागते का? फॅन फिरतो का? कंपनीचं नाव येतं का?" गिऱ्हाइकाला वाटतं, हा वेळ काढतोय. पण या तीन प्रश्नांत अर्धी तपासणी उरकलेली असते. लॅपटॉप सुरू होणं म्हणजे खो-खोचा डाव. आधीच्याने खो दिल्याशिवाय पुढचा उठत नाही. खो कुठे अडला एवढं कळलं, की त्याच्या आधीच्या सगळ्यांना संशयातून मोकळं करता येतं.

लॅपटॉप बंद असतानाही त्यातली एक छोटी चिप जागी असते. तिचं नाव एम्बेडेड कंट्रोलर. बटण दाबल्याचं प्रोसेसरला नाही, हिला कळतं. मग चार्जरच्या १९-२० व्होल्टमधून ५, ३.३ आणि प्रोसेसरपुरता साधारण १ व्होल्ट असे पुरवठे ठरलेल्या क्रमाने सुरू होतात. त्यातला एक जरी आला नाही, तरी पुढचं काहीच घडत नाही. कधी कधी ही चिपच मध्येच अडकून बसते. चार्जर काढून, बॅटरी निघत असेल तर तीही काढून, बटण ३० सेकंद दाबून धरायला सांगतात ते यासाठी. उरलीसुरली वीज निघून जाते आणि बऱ्याच लॅपटॉपमध्ये कंट्रोलर नव्याने सुरू होतो. हा उपाय फुकटचा आहे, म्हणून आधी करावा.

आपल्याकडे पावसाळ्यात याच टप्प्यावर आणखी एक भानगड होते. ऐरोलीच्या एसी ऑफिसात बंद करून बॅगेत टाकलेला लॅपटॉप २२-२३ अंशांवर असतो. बाहेर हवा इतकी दमट असते की २५ अंशांच्या आसपासच्या वस्तूवरही दव धरतं. ट्रान्स-हार्बर लोकलने ठाण्याला पोचेपर्यंत तो काही पुरता गरम होत नाही. घरी आल्या आल्या उघडला, की आत बोर्डावर पाण्याचा पातळ थर बसतो. शुद्ध पाण्यातून वीज फारशी वाहत नाही, पण त्यात बोर्डावरची धूळ नि क्षार विरघळले की नको तिथे वाट मिळते. तासभर बॅगेतच राहू द्यावा, मग उघडावा. तांदळाच्या डब्यात ठेवून काही साधत नाही.

लाईट लागली, फॅन फिरला, पण पडदा काळाच? मग खो प्रोसेसरपर्यंत पोचलाय. इंटेलचा प्रोसेसर जागा होतो तेव्हा पहिली सूचना एका ठरलेल्या पत्त्यावरून उचलतो. तिथे बायोसची, म्हणजे लॅपटॉपला जागं करणाऱ्या मूळ प्रोग्रामची, चिप जोडलेली असते. गंमत म्हणजे त्या क्षणी रॅम वापरण्याजोगी नसतेच. बायोस प्रोसेसरच्या पोटातल्या कॅश नावाच्या छोट्या स्मृतीवर भागवून आधी रॅम जुळवून घेतो. नवी डीडीआर-५ रॅम टाकल्यावर पहिल्यांदा याला काही मिनिटंही लागू शकतात, आणि लोक घाबरून मध्येच बटण दाबतात. रॅम सापडलीच नाही, तर बीप वाजते किंवा कॅप्स लॉकचा दिवा ठराविक वेळा लुकलुकतो. तो आकडा लिहून ठेवावा, कंपनीच्या माहितीपत्रकात त्याचा अर्थ असतो.

इथे दुकानदार रॅम काढून खोडरबराने घासतात, आणि लॅपटॉप सुरूही होतो. मात्र रॅमच्या टोकांवर सोन्याचा मुलामा असतो आणि सोनं गंजत नाही. निघतो तो मळ, आणि पुष्कळदा नुसती काढून नीट बसवल्यानेच काम झालेलं असतं. खोडरबर तो पातळ मुलामाही खरवडतो. आयसोप्रोपाइल अल्कोहोलचा बोळा बरा.

पडद्यावर मोबाइलचा टॉर्च तिरपा धरून पाहा. अंधुक चित्र दिसलं तर फक्त मागचा दिवा गेलाय.

कंपनीचा लोगो दिसला की प्रोसेसर, रॅम, पडदा यांनी आपलं काम केलेलं असतं. एवढ्यावर कुणी 'मदरबोर्ड गेला' म्हणालं तर दुसऱ्या दुकानात विचारावं. लोगोनंतर 'बूट डिव्हाइस नाही', म्हणजे विंडोज जिथून सुरू व्हायचं ती डिस्क सापडली नाही, असं आलं, तर बायोसच्या यादीत डिस्क दिसते का ते बघायचं. हार्ड डिस्क टक-टक करत असेल तर पुन्हा पुन्हा सुरू करू नये. एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली चिपवाली डिस्क, मात्र आवाज न करताच जाते.

विंडोजचे ठिपके गोल फिरू लागले, की दोष बहुधा सॉफ्टवेअरचा. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीच्या एका सदोष फाइलमुळे जगभर सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर अडकले. एकाचंही हार्डवेअर बिघडलेलं नव्हतं. सेफ मोडमध्ये, म्हणजे अगदी मोजक्या गोष्टींनिशी विंडोज सुरू करून, ती फाइल उडवली की यंत्र सुरू. विंडोज सलग दोन-तीनदा अर्ध्यावर बंद पडलं तर दुरुस्तीचा निळा पडदा आपोआप येतो. सेफ मोडची वाट तिथूनच.

विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, 'शट डाउन' केल्यावर प्रणालीचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि पुढच्या वेळी तोच उचलला जातो. बिघाडही तसाच परत येतो. म्हणून 'रिस्टार्ट'ने कधी कधी जे सुटतं, ते बंद-चालू करून सुटत नाही.

रीसेट किंवा फॉरमॅटला हो म्हणण्याआधी डिस्कवरचं सामान बाहेर काढून घ्या. डिस्कला बिटलॉकरचं कुलूप असेल तर त्यासाठी ४८ अंकी किल्ली लागते. क्राउडस्ट्राइकच्या गोंधळातही अनेक ठिकाणी काम अडलं ते याच किल्लीपाशी. घरच्या लॅपटॉपची किल्ली बहुतेक वेळा आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते, आणि ती पाहायला कुठलाही फोन चालतो.