दाबविद्युत कंपन-ऊर्जासंकलन

दाबविद्युत कंपन-ऊर्जासंकलन : चालू यंत्राच्या थरथरीतून पिएझो, म्हणजे दाबविद्युत पदार्थाच्या साह्याने मायक्रोवॅट ते काही मिलिवॅट वीज मिळवण्याची पद्धत. बॅटरी बदलणे अवघड असते अशा ठिकाणच्या बिनतारी सेन्सरसाठी ती उपयोगी पडते. दाबलेल्या स्फटिकाच्या पृष्ठांवर विद्युतभार येतो, हे झाक व प्येर क्यूरी या बंधूंनी १८८० मध्ये दाखवले. आज बहुधा पीझेडटी, म्हणजे लेड झिर्कोनेट टायटनेट हे सिरॅमिक वापरतात. पीव्हीडीएफ या प्लॅस्टिकची फिल्म लवचीक असते, पण तिच्यातून विद्युतभार बराच कमी मिळतो.

नेहमीच्या रचनेत धातूच्या पट्टीच्या दोन्ही बाजूंना पीझेडटीचे पातळ थर असतात. पट्टीचे एक टोक यंत्राला घट्ट आवळतात, मोकळ्या टोकाला वजन लावतात. पट्टीची नैसर्गिक कंप्रता (दर सेकंदाची कंपने) यंत्राच्या कंप्रतेशी जुळली तरच पुरेशी वीज मिळते. ही जुळणी चुकली, तर महागडे सिरॅमिकही ती चूक भरून काढत नाही. म्हणून आधी ॲक्सिलरोमीटरने, म्हणजे त्वरणमापकाने कंपन मोजावे, मग पट्टी निवडावी. टोकाकडचे प्रभावी वस्तुमान चौपट केले की कंप्रता निम्मी होते. गुणवत्ता-गुणांक (पट्टीचा प्रतिसाद एकाच कंप्रतेभोवती किती एकवटतो त्याचे माप) ५० असेल, तर १०० हर्ट्‌झला उपयोगाचा पट्टा जेमतेम २ हर्ट्‌झ उरतो. ५० हर्ट्‌झ पुरवठ्यावरचा ट्रान्सफॉर्मर मुख्यतः १०० हर्ट्‌झला गुणगुणतो आणि तिथून फारसा ढळत नाही, त्यामुळे तो सोयीचा. चार ध्रुवांची इंडक्शन मोटर मात्र बिनभाराने मिनिटाला १५०० फेऱ्यांच्या जवळ आणि पूर्ण भाराने साधारण १४४० वर फिरते. २५ हर्ट्‌झचे कंपन २४ वर येते आणि पट्टी सुराबाहेर जाते.

पट्टी स्वतःच एक कपॅसिटर असते. कमी युग्मनाच्या, म्हणजे कंपनाचा थोडाच भाग विजेत बदलणाऱ्या पट्टीला जोडायचा योग्य रोध R = १/(२πfC) या सूत्राने काढतात (f कंप्रता, C पट्टीची धारिता) : ५० नॅनोफॅरड आणि १०० हर्ट्‌झला सुमारे ३२ किलोओहम. ऑसिलोस्कोपवर (व्होल्टेजचा आलेख दाखवणाऱ्या उपकरणावर) ३० व्होल्ट दिसले म्हणून हुरळून जाऊ नये. वीज वापरणारे मंडल जोडल्यावर किती उरतात ते पाहावे. एसीचे डीसी करायला ब्रिज रेक्टिफायर, त्यापुढे साठवणीचा कपॅसिटर आणि व्होल्टेज उतरवणारा बक कन्व्हर्टर लागतो. एलटीसी३५८८-१ या चिपमध्ये रेक्टिफायर व कन्व्हर्टर एकत्र मिळतात. २२० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ५ वरून ३.७ व्होल्टवर उतरताना सुमारे १.२ मिलिज्यूल देतो. त्यात निव्वळ १०० मायक्रोवॅट जमा होत असतील, तर पुन्हा भरायला १२ सेकंद लागतात. सेन्सरने तेवढा वेळ झोपून राहावे.

बिघाड बहुतेक यांत्रिक असतात. जाड, मऊ चिकटपट्टीने बसवल्यास कंपन तिथेच जिरते; इपॉक्सीचा पातळ थर किंवा स्क्रू बरा. सिरॅमिक ताणात ठिसूळ असल्याने झटक्यात तडकते, म्हणून पट्टीच्या वर-खाली अटकाव ठेवतात. तारा जोडताना सोल्डरिंगची तापलेली सळई रेंगाळली तर सिरॅमिकवरचा चांदीचा थर सुटतो आणि त्या जागेचे ध्रुवीकरणही, म्हणजे दाबविद्युत गुणही जातो.

पावलांवर वीज देणाऱ्या फरश्यांचा गाजावाजा हिशेबाने तपासावा. ७० किलोच्या माणसाच्या पायाखाली फरशी ५ मिलिमीटर दबली, तरी सगळी मिळून ३.४ ज्यूल ऊर्जा होते. तोटा शून्य धरला, तरी तेवढ्यावर १० वॅटचा दिवा सेकंदाचा तिसरा हिस्सा जळेल.