अध्ययन-दृष्टिकोन, ताण आणि विद्यापीठीय यश

विद्यार्थी अभ्यासाला कोणत्या हेतूने बसतो आणि त्यासाठी काय करतो, या दोन्हींना मिळून अध्ययन-दृष्टिकोन म्हणतात. ही संकल्पना स्वीडनमधल्या गोथेनबर्गची. फेरेन्स मार्टन आणि रॉजर सेल्यो यांनी १९७६ साली विद्यार्थ्यांना लेख वाचायला देऊन तो कसा वाचला हे विचारले. काहींनी लेखकाचे म्हणणे शोधले होते (सखोल दृष्टिकोन), तर काहींनी पुढे विचारले जाईल ते पाठ केले होते (वरवरचा). गुणांच्या हिशेबाने वेळ बेतणारा ‘धोरणी’ दृष्टिकोन नोएल एन्टविसल यांच्या कामातून पुढे आला. दृष्टिकोन म्हणजे स्वभाव नव्हे. एकच मुलगी गणित समजून घेते आणि पर्यावरणाच्या पेपरला गाइड घोकते.

हे दृष्टिकोन मोजणाऱ्या, बिग्ज, केंबर आणि लेउंग यांच्या २००१ च्या प्रश्नावलीत २० विधाने आहेत : १० सखोल, १० वरवरची. ताण मोजण्यासाठी कोहेन यांची १० प्रश्नांची मापनश्रेणी वापरतात. ती मागच्या महिन्याबद्दल विचारते आणि बेरीज ० ते ४० येते. त्यातल्या चार सकारात्मक प्रश्नांचे गुण उलटे मोजायचे असतात. ते राहिले की निष्कर्षच फसतो. शिवाय ही श्रेणी आजाराचे निदान करत नाही.

सखोल अभ्यासाचा गुणांशी संबंध आढळतो, पण अपेक्षेपेक्षा बराच कमी. कारण प्रश्नपत्रिकेत आहे. ‘व्याख्या द्या’, ‘टिपा लिहा’ एवढेच विचारले तर घोकंपट्टीवरही पेपर निघतो.

ताणाचा फटका इथेच बसतो. शेवटच्या पंधरवड्यात जर्नल सर्टिफाय करून घ्यायचे, प्रॅक्टिकल, व्हायवा आणि त्यातच मागच्या सेमिस्टरची केटी (राहिलेला विषय). चिंता कार्यकारी स्मृतीची (विचार करताना माहिती तात्पुरती धरून ठेवणाऱ्या स्मृतीची) जागा अडवते, दोन कल्पना एकत्र धरून ताडून पाहणे जमत नाही, आणि हात आपोआप ‘आयएमपी’ प्रश्नांच्या यादीकडे जातो. प्रश्न जरा फिरवून आला की पाठ केलेले उत्तर कुठे बसवावे कळत नाही. पुढच्या पेपरचा ताण त्यातूनच वाढतो. अर्थात, एकदाच भरून घेतलेल्या प्रश्नावलीवरून आधी ताण की आधी घोकंपट्टी हे ठरत नाही.

रोडिगर आणि कार्पिकी यांच्या २००६ च्या प्रयोगात पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र स्वतःची परीक्षा घेतलेले. पुन्हा वाचल्यावर ‘येतंय’ असे वाटते ते म्हणूनच फसवे. उपाय साधा आहे : प्रकरण वाचून वही मिटायची, कोऱ्या पानावर दहा मिनिटे आठवेल ते लिहायचे, मग वही उघडून गाळलेले लाल पेनाने भरायचे. हेच दोन दिवसांनी आणि पुन्हा आठवड्याने करायचे. अडले की लगेच वहीत डोकावणे ही नेहमीची चूक. आठवण्याची धडपड हाच या पद्धतीचा गाभा आहे. पेपरच्या आदल्या रात्री सुरू केल्यास दोन्ही फेऱ्या हुकतात.

ताणाने झोप किंवा जेवणच सुटले असेल, तर अभ्यासाची पद्धत बदलून भागत नाही. टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो.