वेलीला फुलं भरपूर, दुधी एकही नाही

पावसाळा लागला की गच्चीत किंवा परसात भाजी लावणाऱ्यांची एक तक्रार हमखास ऐकू येते: वेल मांडवभर पसरलीय, रोज फुलं येतात, पण दुधी काही धरत नाही. खत घालून बघतात, कोणी बुरशीनाशकही मारतं. बहुतेक वेळा वेल ठणठणीत असते. फुलं नर असतात, एवढंच.

शाळेत आपण जास्वंदाचं फूल उभं कापून बघितलेलं असतं. त्यात पुंकेसर आणि स्त्रीकेसर एकाच फुलात नांदतात, त्यामुळे फूल आलं म्हणजे फळ येणार असं आपण धरून चालतो. भोपळ्याच्या कुळाचा कारभार निराळा. दुधी, दोडका, कारलं, पडवळ, लाल भोपळा यांच्या एकाच वेलीवर नर फुलं वेगळी आणि मादी फुलं वेगळी येतात. सुरुवातीला तर नुसती नरच. पुढेही एका मादी फुलामागे दहा-पंधरा नर फुलं असली तर त्यात वावगं काही नाही.

ओळखायला पाकळ्या बघून उपयोग नाही, पाकळ्यांच्या खाली बघायचं. दुधीच्या नर फुलाखाली नुसता लांब, सडसडीत देठ असतो. मादी फुलाखाली मात्र करंगळीएवढा, लवदार, फिकट हिरवा दुधी आधीच बसलेला दिसतो. हाच अंडाशय. फूल उमलायच्या आधीपासून तो तिथे असतो आणि आत बीजांडंही तयार असतात. पराग मिळाला नाही तर तो पिवळा पडतो, आक्रसतो आणि गळतो. लोक त्यालाच ‘फळ सडलं’ म्हणतात. फळमाशीमुळेही असं होतं, पण दर वेळी दोष तिचा नसतो.

नर फुलाच्या पाकळ्या बाजूला केल्या की मधोमध परागकोश एकमेकांत पिळवटून बसलेले दिसतात. बोट लावलं की पिवळी पूड चिकटते. मादी फुलात त्या जागी जाड, ओलसर पाळ्यांची कुक्षी असते. तिच्यावर पडलेल्या परागकणातून सूक्ष्म नळी फुटते, ती कुक्षीवृंतातून, म्हणजे कुक्षीखालच्या दांड्यातून, उतरत बीजांडापाशी पोचते आणि तिथे फलन होतं. एका बीजांडाला एक परागकण, असा हा रोखीचा व्यवहार. कण कमी पडले तर काही बीजांडं रिकामी राहतात आणि त्या बाजूचा गर नीट भरत नाही. एका टोकाला बारीक राहिलेली, वाकडी काकडी पुष्कळदा यामुळेच होते.

पराग पोचवायचं काम कीटकांचं, आणि त्यांच्या पाळ्या ठरलेल्या. दुधीची पांढरी फुलं संध्याकाळी उमलतात, रात्री फिरणाऱ्या पतंगांसाठी. दोडकाही संध्याकाळचाच. लाल भोपळा, कारलं, घोसाळं पहाटे-सकाळी फुलतात आणि त्यांच्याकडे मधमाश्या येतात. दहाव्या मजल्यावरच्या बाल्कनीत पतंग फिरकेलच असं नाही. मग आपणच नर फूल खुडायचं, पाकळ्या मागे दुमडायच्या आणि परागकोश मादी फुलाच्या कुक्षीवर हलकेच फिरवायचे. दुधीला हे दिवेलागणीला करायचं, भोपळ्याला सकाळी लवकर. भोपळ्याचं फूल दुपारपर्यंत मिटून जातं.

वनस्पतींना नर-मादी असतात हे प्रयोगाने दाखवलं जर्मनीत, ट्यूबिंगनच्या रुडॉल्फ कामेरारिउस यांनी. 1694 मध्ये एका सहकाऱ्याला लिहिलेल्या पत्रात त्यांनी ते मांडलं. प्रयोगाला त्यांनी आपल्या ओळखीचा एरंडही घेतला होता. एरंडाच्या तुऱ्यावर नर फुलं खाली आणि मादी वर असतात. परागकोश फुटायच्या आत त्यांनी नर फुलं काढून टाकली, आणि बी धरलंच नाही. इतका साधा प्रयोग आधी कोणाला कसा सुचला नाही, याचं नवल वाटतं.

याहून मोठं नवल कळीत आहे. काकडीची अगदी कोवळी कळी सूक्ष्मदर्शकाखाली बघितली तर तिच्यात पुंकेसर आणि स्त्रीकेसर दोन्हींचे अंकुर असतात. पुढे एकाची वाढ थांबते आणि मग फूल नर किंवा मादी ठरतं. या निवाड्यात इथिलीन वायूचा मोठा हात असतो. हो, केळी-आंबे पिकवणारा तोच. इथिलीन जास्त असलं की पुंकेसर खुंटतात आणि मादी फुलं वाढतात. उन्हाचा कडाका आणि मोठा दिवस असला की पारडं नराकडे झुकतं. म्हणूनच वेल दोन ते चार पानांची असताना काही शेतकरी इथेफॉनची अगदी पातळ फवारणी करतात. त्यातून इथिलीन सुटतं. पॉलिहाऊसमधल्या काकडीच्या काही जातींना तर मादी फुलंच येतात. त्यांचं बी धरायचं तर पराग आणायचा कुठून? मग सिल्व्हर नायट्रेट फवारतात. चांदी इथिलीनला अडवते आणि त्याच वेलीवर नर फुलं येतात.

करटोलीने याच्याही पुढची पायरी गाठली आहे. तिची अख्खी वेलच नर किंवा मादी असते. बी लावलं तर साधारण निम्म्या वेली नर निघतात, आणि फूल येईपर्यंत ते कळत नाही. पावसाळा सरला की वेल वाळते, पण जमिनीतला कंद जिवंत राहतो आणि पुढच्या पावसात पुन्हा फुटतो, तेच लिंग घेऊन. त्यामुळे लागवड करणारे फुलांच्या दिवसांतच मादी वेलींना खूण करून ठेवतात आणि त्यांचे कंद लावतात. साधारण दहा मादी वेलींमागे एक नर वेल मात्र ठेवावीच लागते.