अंगणवाडी पाड्यावर कशी गेली

१९४५ मध्ये ताराबाई मोडक बोर्डीला आल्या, तेव्हा बालशिक्षण त्यांना नवं नव्हतं. भावनगरच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात त्यांनी गिजुभाई बधेकांसोबत माँटेसरी पद्धतीवर, म्हणजे मुलाने साहित्य हाताळत शिकण्याच्या पद्धतीवर, काम केलं होतं, १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघही उभा राहिला होता. पण हे सारं शहरातल्या सुस्थितीतल्या घरांपुरतंच राहतंय, ही खंत त्यांना होती. बोर्डी समुद्रकाठचं, आजच्या पालघर जिल्ह्यातलं गाव; भोवती वारल्यांचे पाडे. त्याच वर्षी त्या टापूतले वारली वेठबिगारीविरुद्ध उठले होते. जमीनदार ज्यांना माणसात धरत नव्हते, त्यांच्या तीन वर्षांच्या लेकरासमोर बसून कुणी गाणं म्हणावं, ही त्या दिवसांत केवढी मोठी गोष्ट होती!

ताराबाईंची बोर्डीतली बालवाडी गावात भरायची आणि पाड्यावरची, हरिजनवाड्यातली मुलं तिकडे फिरकायची नाहीत. आईबाप मजुरीवर, थोरली पोर धाकट्याला कडेवर घेऊन घर राखणार किंवा गुरांमागे जाणार. शिवाशिव तर होतीच. ताराबाईंनी आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी त्याबद्दल आईबापांना बोल लावला नाही. त्या स्वतः वस्तीत गेल्या आणि तिथल्याच अंगणात मुलं गोळा केली. अंगणवाडी सुरू झाली ती अशी. माँटेसरीचं महागडं साहित्य तिथे परवडणारं नव्हतं, म्हणून शंखशिंपले, बिया, पानं, खडे घेऊन मोजणं आणि रंग-आकार ओळखणं चाले. मला यातलं हेच सर्वांत मोलाचं वाटतं. मुलाच्या दारात जे पडलेलं होतं, तेच शिकायला पुरेसं ठरलं. आपलं घर हलकं आहे, असं त्याला कुणी भासवलं नाही.

१९५७ च्या सुमारास काम बोर्डीजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेलं. गुराख्या मुलांसाठी कुरणशाळा निघाल्या. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणणारी विकासवाडी उभी राहिली, त्यामुळे कडेवरच्या भावंडासाठी थोरलीची शाळा बुडेना. ताराबाई १९७३ मध्ये गेल्या, अनुताई १९९२ मध्ये.

२ ऑक्टोबर १९७५ ला केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू केली आणि तिची केंद्रं अंगणवाड्या झाली. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी यांच्या जोडीला शाळापूर्व शिक्षण ही सहा सेवांपैकी एक. आहार हवाच होता; जव्हार-मोखाड्यातलं कुपोषण महाराष्ट्राने पाहिलं आहे. मात्र केंद्र कुणाच्या अंगणात भरणार, हा बोर्डीतला पहिला प्रश्न मागे पडला. ते वरच्या आळीत भरलं, की दलित-आदिवासी मुलांना ती वाट पुन्हा लांबची. अखेर अन्न अधिकाराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला ऑक्टोबर २००४ मध्ये सांगावं लागलं, की अनुसूचित जाती-जमातींच्या सर्व वस्त्यांत लवकरात लवकर अंगणवाडी व्हावी. वस्तीत केंद्र आलं, तरी तिथे मुलाशी त्याच्या बोलीत बोललं जाईल की नाही, हे मात्र अजूनही बरंचसं सेविकेवरच सोडलेलं आहे.